मोटारीचें शेतकी यंत्र करतांना संचाबाहेरील भागांचा अंदाज

शेतकऱ्यानें यंत्र घ्यावें कीं नाहीं, हा वाद आतां जुना झाला. बैल पोसणें दिवसेंदिवस जड जात आहे, मजूर वेळेवर मिळत नाहीं, आणि पावसानें दिलेले वाफशाचे दोन-तीन दिवस हातचे गेले तर पुढें कितीहि खर्च केला तरी ते परत येत नाहींत. तेव्हां यंत्राची गरज कोणास पटवून देण्याचें कारण उरलेलें नाहीं. प्रश्न आहे तो पैशाचा. तयार यंत्राची किंमत ऐकून ज्याची छाती दडपते, तो साहजिकच जुन्या गाडीकडे वळतो. अंगणांत पडलेली मोटारसायकल किंवा भंगारांत निघालेली जीप हिला एखादा जोडणीचा संच बसविला म्हणजे कोळपणीचें किंवा नांगरटीचें काम भागेल, असा त्याचा हिशेब असतो. हिशेब मुळांत चुकीचा नाहीं. परंतु त्यांत एक रकम बहुधा लिहिलेलीच नसते, आणि तीच पुढें घात करिते. ती रकम संचांत न येणाऱ्या भागांची. तिचा अंदाज अगोदर कसा बांधावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

‘संच’ या शब्दानेंच पुष्कळांची फसगत होते. संच म्हणजे संपूर्ण, असा आपला समज. वस्तुतः जोडणीच्या संचांत कारखानदार तेवढेच भाग देतो, जे तुमच्या गाडींत मुळींच नसतात. बाकीचे सर्व भाग गाडींत आहेत, आणि ते धडधाकट आहेत, असें तो गृहीत धरितो. हें गृहीत तो दरपत्रकांत लिहीत नाहीं. लिहिण्याचें त्यास कारणहि नाहीं. गाडी तुमची, तिची प्रकृति तुम्ही जाणावी. संच स्वस्त कां पडतो याचीं कारणेंहि निरनिराळीं असतात. इंग्लंडांत 1957 सालापासून लोटस कंपनी आपली ‘सेव्हन’ ही लहान मोटार सुट्या भागांच्या रूपानें विकूं लागली. तयार मोटारीवर जो खरेदी-कर बसे तो सुट्या भागांवर बसत नसल्यामुळें गिऱ्हाइकास ती स्वस्त पडे. 1973 च्या एप्रिलपासून तेथें मूल्यवर्धित कर सुरू झाला आणि ही सवलत संपली. म्हणजे तेथील स्वस्ताई कराची होती. शेतकी यंत्रांच्या संचांत ती बहुधा दुसऱ्या दोन गोष्टींची असते. जोडण्याची मेहनत तुमच्या अंगावर टाकलेली असते, आणि निम्में यंत्र तुमच्याच घरचें असतें. या दोन्ही गोष्टींस किंमत आहे. फक्त ती दुकानदाराच्या पावतीवर दिसत नाहीं.

हा प्रश्न आपल्याच वाट्यास प्रथम आला असें नाहीं. अमेरिकेंतील शेतकऱ्यांनीं तो शंभर वर्षांपूर्वीं मोठ्या प्रमाणावर अनुभविला, आणि त्यांचा अनुभव आपणांस आजहि उपयोगी पडण्यासारखा आहे, म्हणून तो थोडा विस्तारानें देतों. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ मोटार 1908 सालीं बाजारांत आली, आणि 1927 पर्यंत तशा दीड कोटींवर गाड्या तयार झाल्या. 1916 च्या ऑगस्टांत तिची किंमत 360 डॉलरपर्यंत उतरली होती, आणि ती शेतकऱ्यांच्या दारोदार उभी राहिली. त्याच सुमारास महायुद्धामुळें धान्यास भाव आला आणि मनुष्यबळ कमी पडूं लागलें. तेव्हां कित्येक कारखानदारांनीं या मोटारीसच नांगरास जुंपण्याची युक्ति काढली. मिनेसोटा संस्थानांतील सेंट पॉल येथें निघणारा स्टाउडे यांचा ‘मेक-ए-ट्रॅक्टर’ हा त्यांपैकीं एक प्रसिद्ध संच होय. मोटारीचीं मागचीं चाकें काढावयाचीं, तिच्या सांगाड्यास मागील बाजूनें एक लोखंडी चौकट आवळावयाची, आणि तिच्यावर मोठीं, धावेस दांते असलेलीं लोखंडी चाकें बसवावयाचीं. मोटारीच्या आंसाच्या टोकांस लहान दांतेरी चाकें लावीत, आणि त्यांच्या योगानें मोठीं चाकें सावकाश फिरत. वेग घटे, ओढ वाढे. आठवडाभर नांगरट करावी, शनिवारीं संच उतरवावा, आणि रविवारीं त्याच मोटारींत बसून कुटुंबासह देवळांत जावें, असें हें चित्र होतें. तें कोणासहि मोह पाडील असेंच होतें.

या युक्तीचें मर्म आणि तिचा दोष हीं दोन्ही एकाच ठिकाणीं आहेत. ‘मॉडेल टी’चें इंजिन वीस अश्वशक्तीचें. आतां नांगरास 400 किलोची ओढ लागते असें धरूं, आणि ती ताशीं 4 किलोमीटरच्या चालीनें द्यावयाची आहे. ताशीं 4 किलोमीटर म्हणजे सेकंदास 1.11 मीटर. 400 ला 1.11 नें गुणिलें म्हणजे 444 होतात. त्यांस 75 नें भागिलें म्हणजे 5.9, अर्थात् जवळ जवळ सहा अश्वशक्ति झाली. ही झाली नांगराच्या दांड्यावरची. दांत्यांची घासाघीस, मऊ रानांत चाकांचें घसरणें, आणि स्वतः गाडीचें ओझें ढेकळांतून पुढें नेणें, यांत तितकीच शक्ति खर्ची पडते असें धरिलें तर इंजिनास सतत बारा अश्वशक्ति द्यावी लागेल. वीसांतून बारा म्हणजे अवघड कांहीं नाहीं, असें वाटेल. परंतु तीच मोटार सपाट रस्त्यानें ताशीं 40 किलोमीटर जातांना इंजिनास याच्या निम्म्याहून कमी शक्ति द्यावी लागते, आणि त्या वेळीं समोरून जोराचा वारा रेडिएटरमधून जात असतो. नांगरटींत काम दुप्पट झालें आणि वारा दहाव्या हिश्श्यावर आला. इंधनाच्या एकंदर उष्णतेपैकीं ढोबळ मानानें तिसरा हिस्सा थंड करण्याच्या पाण्यावाटें बाहेर काढावा लागतो. या मोटारींत, अगदीं आरंभींच्या थोड्या गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलें पाणी आपोआप वर चढे आणि निवालेलें खालीं उतरे, एवढ्यावरच सर्व भिस्त. तेलासहि पंप नव्हता. फिरत्या चाकानें उडविलेल्या तेलाच्या शिंतोड्यांवर बेअरिंगें जगत. रस्त्यावर हें सर्व पुरेसें होतें. शेतांत दिवसभर पूर्ण जोरानें चालवितांना पाणी उकळे आणि बेअरिंगें जळत. म्हणून मोठा रेडिएटर, पाण्याचा पंप, जोराचा पंखा, तेल दाबानें पोंचविणारी नळी, हीं उपांगें संचाबरोबर किंवा संचाखेरीज घेणें भाग पडे. गिअरपेटींतील पट्ट्यांचीं अस्तरें लवकर झिजत, तीं निराळींच.

ज्यानें ही बेरीज अगोदर केली त्याचें काम निभलें. ज्यानें केली नाहीं, त्याचा नांगर अर्ध्या रानांत उभा राहिला आणि मोटारहि गेली. पुढें 1917 सालीं फोर्ड यांचाच ‘फोर्डसन’ हा तयार ट्रॅक्टर निघाला आणि 1922 सालीं त्याची किंमत 395 डॉलरवर आणण्यांत आली. त्या किंमतीसमोर संच, त्याचीं उपांगें आणि मोटारीची झीज यांची बेरीज टिकूं शकली नाहीं, आणि संचांचा धंदा ओसरला. दुसऱ्या महायुद्धांत ट्रॅक्टर मिळेनासे झाले तेव्हां जुन्या मोटारींचे ट्रॅक्टर करण्याची रीति पुनः डोकें वर काढती झाली. स्वीडनांत तर अशा गाड्यांस ‘एपा’ असें नांवच पडलें. ‘एपा’ हें तेथील स्वस्त मालाच्या दुकानांचें नांव. यावरून असें दिसतें कीं तयार यंत्र मिळत नाहीं किंवा परवडत नाहीं तोंपर्यंतच संचास बाजार आहे. आणि संच परवडतो कीं नाहीं हें ठरवितांना त्याच्या छापील किंमतीची तुलना तयार यंत्राशीं करणें व्यर्थ आहे. तुलना करावयाची ती शेतांत उभ्या राहून काम करणाऱ्या यंत्राच्या एकंदर खर्चाशीं.

त्याच काळांतील आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नेब्रास्का संस्थानांतील विल्मट क्रोझियर नांवाच्या शेतकऱ्यानें मिनिआपोलिस येथील एका कंपनीचा ‘फोर्ड’ नांवाचा ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्ड यांच्याशीं त्या कंपनीचा कांहींएक संबंध नव्हता. नांवाचा तेवढा उपयोग केला होता. ट्रॅक्टर कुचकामी निघाला. क्रोझियर पुढें तेथील विधिमंडळांत निवडून गेले, आणि 1919 सालीं त्यांच्या पुढाकारानें असा कायदा झाला कीं, विद्यापीठाकडून परीक्षा झाल्यावांचून कोणताहि ट्रॅक्टर त्या संस्थानांत विकूं नये. 1920 पासून लिंकन येथें या परीक्षा सुरू झाल्या. त्यांची कीर्ति सर्वत्र आहे. परंतु त्याच कायद्यांतील दुसऱ्या अटीकडे लोकांचें लक्ष कमी जातें. ती अट अशी कीं, विकणाऱ्या कंपनीनें सुट्या भागांचा पुरेसा सांठा त्या संस्थानाच्या हद्दींतच ठेविला पाहिजे. स्वतः नांगर धरणाऱ्या मनुष्याचाच तो कायदा असल्यामुळें, ऐन हंगामांत एका बेअरिंगासाठीं शेंकडों मैलांवर पत्र लिहिण्याचें दुःख त्यास ठाऊक होतें.

आपल्या शेजारीं, गुजराथेंतील अमरेली जिल्ह्यांत, मनसुखभाई जगानी यांनीं 1994 सालीं डिझेलवर चालणाऱ्या बुलेट मोटारसायकलीचें मागचें चाक काढून त्या जागीं दोन चाकांचा आंस आणि त्यामागें अवजारांची दांडी बसविली. ‘बुलेट सांती’ या नांवानें तें यंत्र प्रसिद्ध झालें, आणि त्याच्या धर्तीवर पुढें ठिकठिकाणीं यंत्रें झालीं. आम्हींहि त्याच धर्तीवर एक यंत्र केलें आहे, आणि या लेखांतील उपदेशाचा अधिकार आम्हांस आमच्या चुकांनींच दिलेला आहे.

आमच्याकडे डिझेलची एक जुनी मोटारसायकल पडून होती. तालुक्याच्या एका वर्कशॉपांतून आंस, दोन चाकें, दांडी आणि तीन कोळपीं असा संच करून आणिला. अंदाजपत्रक एका ओळीचें होतें : संच, इतके रुपये. मृगाचा पाऊस झाला, कपाशी बोटभर वर आली, आणि वाफसा येतांच आम्ही यंत्र रानांत घातलें. पहिल्या दिवशीं दोन तासांत साखळी दांत्यांवरून उडूं लागली. ती जुनीच होती. रस्त्यावर चालत असे, म्हणून चांगली समजलों. ती आवळून घेतली तों दुसऱ्या दिवशीं इंजिन तापून ओढ धरीना. हें इंजिन वाऱ्यानें निवणारें आहे, आणि माणसाच्या चालीनें चालणाऱ्या कोळप्यांस वारा कोठून मिळणार? फोर्डच्या मोटारीची कथा आम्ही वाचलेली होती, तरीहि तिचा आपल्या मोटारसायकलीशीं कांहीं संबंध असेल हें त्या वेळपर्यंत ध्यानांत आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं आंसाचें एक बेअरिंग मातीनें भरून कर्कश ओरडूं लागलें. तें उघड्या तोंडाचें होतें. झांकणाचें घ्यावयास पाहिजे होतें. त्यानंतर चार दिवस तालुक्याच्या खेपांत गेले. पांचव्या दिवशीं पाऊस लागला तो आठवडाभर उघडला नाहीं. तणानें कपाशीचा गळा धरिला, आणि शेवटीं बायका लावून खुरपून घ्यावें लागलें. ज्या खर्चांतून सुटण्यासाठीं यंत्र केलें, तोच खर्च दुप्पट दरानें, आणि तोहि आडत्याकडून उचल घेऊन, करावा लागला.

पुढें दिवाळींत आम्हीं सर्व पावत्या काढून हिशेब मांडिला. संचास मोजलेल्या दर 100 रुपयांमागें संचाबाहेरचा खर्च असा निघाला : साखळी व तिचीं दांतेरी चाकें 9, झांकणाचीं बेअरिंगें व त्यांचीं घरें 7, पंखा आणि त्याचा वारा इंजिनावर नेणारा पत्रा 8, क्लचच्या प्लेटा 4, बोल्ट-वायसर-पिना 3, लेथ व वेल्डिंग 6, तेल व ग्रीस 2, आणि जाण्यायेण्याच्या खेपा 4. एकंदर 43. खुरपणी व उचलीचें व्याज यांत धरिलेलें नाहीं. या 43 पैकीं पहिल्या चार बाबींचे 28 रुपये असे होते कीं, यंत्र रानांत जाण्यापूर्वींच ते कागदावर दिसावयास हवे होते. ज्याला आपण अचानक उद्भवलेला खर्च म्हणतों, त्याचा बराचसा भाग अचानक नसतो. आपण पाहिलेला नसतो इतकेंच. अर्थात् हे आंकडे आमच्या एका यंत्राचे आहेत. दुसऱ्याचे निराळे येतील, पण बाबी बहुतेक त्याच निघतील.

तेव्हां अंदाज बांधावयाचा तो कसा? दरपत्रकापासून आरंभ करूं नये, गाडीपासून करावा. संच मागविण्यापूर्वीं गाडी मिस्त्रीसमोर उभी करून, इंजिनापासून आंसापर्यंत जो जो भाग नव्या यंत्रांत राहणार आहे त्याची याद करावी, आणि प्रत्येकासमोर ‘चालेल’, ‘दुरुस्त’ किंवा ‘नवा’ असा शेरा मारावा. शेरा डोळ्यांनीं पाहून मारूं नये, तपासून मारावा. साखळी मागच्या दांतेरी चाकावर बोटानें मागें ओढून पाहावी. अर्धा दांता उघडा पडला तर ती गेली असें समजावें, आणि ती बदलावयाची तर तिच्या दोन्ही चाकांसह, कारण झिजलेले दांते नवी साखळीहि लवकरच खातात. आंस हातानें वरखालीं हलवून पाहावा. इंजिन तापल्यावर तेलाच्या तोंडांतून धूर फुंकला जात असेल तर पिस्टनच्या रिंगा संशयास्पद. ज्या गाडीचें इंजिन उघडावें लागणार आहे, तिला संच बसविण्याचा विचार आम्ही तरी सोडून देऊं.

दुसरी बाब क्षुद्र वाटते, पण काम बंद पाडण्यांत तिचा हात कोणी धरणार नाहीं. भाग उघडतांना कांहीं वस्तु नासतातच : कागदी व रबरी पॅकिंगें, तेलाचीं सीलें, दुमडलेल्या पिना, गंजलेले बोल्ट. त्या पुनः वापरूं नयेत. संचाबरोबरच नव्या आणाव्या. बोल्टांच्या बाबतींत विशेष सावध राहावें. ज्यांवर ओढ येते ते बोल्ट डोक्यावर 8.8 हा आंकडा कोरलेले घ्यावे; गांवच्या दुकानांत मिळणारे कोऱ्या डोक्याचे बोल्ट मऊ लोखंडाचे असूं शकतात आणि ऐन ओढींत तुटतात. शिवाय जुन्या बुलेटसारख्या गाड्यांत पुष्कळ आटे इंची मापाचे असतात, आणि नवा संच मिलिमीटरच्या मापाचा. 8 मिलिमीटरचा बोल्ट आणि 5/16 इंची, म्हणजे 7.94 मिलिमीटरचा बोल्ट, हे डोळ्यांस सारखेच दिसतात. एकाचा नट दुसऱ्यावर दोन आटे जातो आणि मग अडतो. अडला म्हणून पान्यानें जोर केला कीं दोन्हींचे आटे मरतात. प्रत्येक छिद्राचें माप व आटा यादींत लिहून ठेवावा आणि दुकानांत जुना बोल्ट बरोबर न्यावा.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची, आणि तीच विसरली जाते. गाडीचें काम बदललें म्हणजे कोणत्या भागाचें दुःख वाढलें, हें विचारावयाचें. चाल मंद झाली, म्हणून वारा गेला. तेव्हां थंड करण्याची सोय नवी पाहिजे. ओढ सतत झाली, म्हणून क्लच, साखळी, आंस यांवर ताण आला. रस्त्याऐवजीं रान आलें, म्हणून धूळ आणि चिखल आला. तेव्हां बेअरिंगांस झांकणें आणि इंजिनाच्या हवेस मोठी गाळणी पाहिजे. दगडावर फाळ आदळतो, म्हणून एक तरी मुद्दाम कच्चा बोल्ट अशा जागीं बसवावा कीं तो तुटेल आणि बाकी यंत्र वांचेल. आणि तसे आणखी सहा बोल्ट खिशांत ठेवावे. हे चार प्रश्न विचारले असते तर आमचे 28 रुपये आम्हांस ज्येष्ठांत नव्हे, फाल्गुनांतच दिसले असते.

चौथ्या बाबीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. तेल, ग्रीस, रंग, वेल्डिंगच्या कांड्या, वाहतूक, हमाली, मिस्त्रीचा रोज, आणि पहिल्या आठ-दहा तासांच्या कामानंतर काढून टाकावयाचें इंजिनाचें तेल, हें सर्व लिहावें म्हणजे झालें. घरच्या माणसांची मेहनतहि लिहावी. पुष्कळ जण तिला फुकट समजतात.

या सर्वांची बेरीज झाली म्हणजे तिच्यावर एक राखीव रकम धरावी, आणि ती कोणत्याहि बाबीस नेमून देऊं नये. आमच्या मतें चांगल्या स्थितींतील गाडीवर काम करावयाचें असेल तर बेरजेचा पांचवा हिस्सा, आणि गाडी भंगारांतून आणलेली असेल तर तिसरा हिस्सा ठेवावा. मग ही एकंदर रकम तयार यंत्राच्या किंमतीशीं ताडून पाहावी. ती दोन-तृतीयांशाहून अधिक भरत असेल तर संचाच्या वाटेस जाऊं नये. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यांत तयार यंत्राबरोबर हमी मिळते, सुटे भाग मिळतात, आणि पुढें विकावयाचें झालें तर गिऱ्हाईकहि मिळतें. गांवांत भाड्यानें ट्रॅक्टर वेळेवर मिळत असेल तर त्या भाड्याचाहि आंकडा शेजारीं मांडावा. लहान क्षेत्राच्या मालकास कित्येकदां त्यांतच शहाणपण दिसेल, आणि तसें दिसल्यास त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

कर्ज काढून संच घेणाऱ्यानें तर ही याद अर्जाबरोबरच द्यावी. कर्ज मंजूर होतें तें दरपत्रकावर. दरपत्रकांत जें नाहीं त्यास पैसा मिळत नाहीं, आणि मग पेरणीच्या तोंडावर बीं-खतासाठीं राखलेली रकम साखळी आणि बेअरिंगांत जाते. नंतर बीं-खत उधारीवर घ्यावें लागतें, आणि उधारीचा दर रोखीहून किती चढा असतो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. संचाचा खर्च आणि उपांगांचा खर्च हे दोन निरनिराळे खर्च नव्हत. ते एकदम मागावे, एकदम मंजूर करून घ्यावे, आणि उपांगें संचाबरोबरच एका खेपेंत आणावीं. जोडणी चैत्रांत पुरी करून वैशाखांत मोकळ्या रानांत यंत्र निदान आठ तास सलग चालवावें. जें मोडावयाचें तें तेव्हां मोडूं द्यावें. दुकानें उघडीं असतात, मिस्त्री रिकामा असतो, आणि रानांत हातघाईचें काम नसतें.

कायद्याचाहि एक खर्च आहे. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणें नोंदलेल्या गाडींत, तिच्या नोंदणीचा तपशील बदलेल असा फेरफार करण्याची मोकळीक मालकास नाहीं. ज्या मोटारसायकलीचें मागचें चाक काढून आंस बसविला, ती मोटारसायकल म्हणून रस्त्यानें नेतां येणार नाहीं, आणि नेल्यावर अपघात झाला तर विम्याची कंपनी हात वर करील, ही भीति मोठी आहे. म्हणून गाडी उघडण्यापूर्वीं जिल्ह्याच्या परिवहन कचेरींत विचारून घ्यावें, आणि मळा गांवापासून दूर असेल तर यंत्र ट्रॉलींत घालून नेण्याचा खर्च अंदाजांत धरावा. आमचा मळा घराला लागूनच असल्यामुळें ही अडचण आम्हांस पडली नाहीं.

त्या यंत्राचें हें तिसरें वर्ष. पंखा बसविल्यापासून इंजिन तापत नाहीं, आणि गेल्या हंगामांत एक साखळीची कडी व दोन कच्चे बोल्ट याखेरीज कांहीं लागलें नाहीं. हे भाग एका पत्र्याच्या डब्यांत घालून डबा यंत्राच्या दांडीसच बांधलेला असतो. गाडीच्या तपासणीची आमची याद आणि वर दिलेल्या हिशेबाचा कागद मंडळाच्या कचेरींत ठेविला आहे. ज्या सभासदांस नक्कल पाहिजे असेल त्यांनीं आपल्या गाडीचें नांव, साल आणि इंजिन पाण्यानें निवणारें कीं वाऱ्यानें, हें कळवावें, म्हणजे त्याप्रमाणें बाबी कमीजास्त करून देतां येतील.